भयपटांचे सिद्धांत आणि आपला प्रेक्षक: चाळीस खुर्च्यांवर काय तपासता येईल?

पन्हाळी_वारा (धागाकर्ता)

कोल्हापुरात एका छोट्या चित्रपट मंडळाचा तीन रविवारांचा अभ्यासवर्ग ठरतोय. विषय भयपट आणि त्याचा प्रेक्षक. चाळीस खुर्च्यांचं सभागृह, एक प्रोजेक्टर, दोन स्पीकर, एक सबवूफर. दर रविवारी तीन तास मिळतात.

वाचायला बसलं की सिद्धांतांचा ढीग लागतो. फ्रॉइडचा १९१९चा निबंध घ्या, तिथून आजवर प्रत्येक जण नवं काही सांगतोय. पण यातल्या बहुतेकांनी पडद्याकडे बघून प्रेक्षकाविषयी निष्कर्ष काढलेत. मान वळवून खुर्चीत कोण बसलंय हे फार थोड्यांनी पाहिलं. माझं मत असं, की 'खरा सिद्धांत कुठला' यावर भांडण्यात अर्थ नाही. कोण कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय हे आधी लावून घ्यावं, आणि त्यातलं जे चाळीस खुर्च्यांवर तपासता येईल ते तपासावं.

तर तीन रविवारी काय घ्यावं? आणि प्रेक्षकांचं निरीक्षण करायचं तर कसं? स्वतःला भूत दिसल्याचे किस्से कृपया इथे नकोत, त्याला दुसरे धागे आहेत.

---

अर्धमात्रा

आधी दोन कोडी सुटी करा, नाहीतर पहिल्याच तासाला गुंता होईल.

पहिलं कोडं: जे अस्तित्वातच नाही हे माहीत आहे, त्याची भीती वाटते कशी? तत्त्वज्ञ रॅडफर्डने १९७५ साली हे कादंबरीतल्या नायिकेबद्दल वाटणाऱ्या कळवळ्याच्या निमित्ताने विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं: आपण विसंगत वागतो, बस. वॉल्टन या दुसऱ्या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये चार्ल्स नावाचा प्रेक्षक कल्पिला. पडद्यावरचा हिरवा चिकट गोळा त्याच्या अंगावर येतो, छाती धडधडते, पण पठ्ठ्या खुर्ची सोडत नाही. पळावंसं वाटत नाही ती भीती कसली? म्हणून वॉल्टन तिला खरी भीती म्हणत नाही. भातुकलीत मुलं जशी खेळातलं खरं धरून चालतात, तसा हा खेळ. तिसरा तत्त्वज्ञ नोएल कॅरल, त्याचं १९९०चं म्हणणं उलट: भीती शंभर टक्के खरी, पण ती गोळ्याची नसून गोळ्याच्या विचाराची. कड्याच्या टोकाला सुरक्षित उभं राहून 'पडलो तर?' एवढं मनात आलं तरी पोटात गोळा येतोच की.

दुसरं कोडं: भीती नकोशी असते, मग तिकीट काढून ती विकत का घ्यायची? इथे कॅरलचं उत्तर कुतूहल. त्याचा राक्षस दोन अटींवर राक्षस ठरतो: तो घातक हवा आणि 'अशुद्ध' हवा, म्हणजे आपल्या वर्गवारीच्या कप्प्यांत न बसणारा. हे त्याने मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या १९६६च्या मांडणीवरून घेतलंय. कप्प्यात न बसणाऱ्या गोष्टीची किळस येते आणि तिचं काय ते कळून घ्यायची ओढही लागते. म्हणून कथानकाचे टप्पे ठरलेले: चाहूल, शोध, न मानणाऱ्यांना पटवणं, शेवटी सामना. किळस ही कुतूहलाची किंमत.

वर्गात हमखास होणारी चूक म्हणजे वॉल्टनला दुसऱ्या कोड्यासाठी वापरणं. 'खेळच आहे, म्हणून मजा येते' असं कुणी म्हणालं की थांबवा. खेळ कंटाळवाणाही असू शकतो.

---

तांबडा_रस्सा

पैसे देऊन त्रास का विकत घ्यायचा, हे कोल्हापुरात विचारताय? नाक पुसत पुसत 'अजून कट वाढा' म्हणणाऱ्या गावात?

---

मोजपट्टी

@तांबडा_रस्सा, गंमत म्हणून लिहिलंत, पण अगदी यावरच संशोधन आहे. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास मेक्सिको आणि अमेरिकेत मिरची खाणाऱ्यांचा अभ्यास केला. माणसांना आवडणारी तिखटाची पातळी त्यांच्या असह्य पातळीच्या जेमतेम खाली असते, असं त्यात दिसलं. पुढे २०१३ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी रडवणारे चित्रपट, पाळणे, भीती हे सगळं एकाच पिशवीत घातलं. शरीर धोक्याची घंटा वाजवतं, डोकं म्हणतं 'काही होत नाही रे', आणि या विसंगतीतच मजा असते.

याला जोड म्हणून डेन्मार्कमधला २०२० चा प्रयोग घ्या. आन्डर्सन आणि सहकाऱ्यांनी तिकीट लावून चालणाऱ्या भूतबंगल्यात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावून आत सोडलं. भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या 'यू'सारखा निघाला. कमी भीतीत कंटाळा, जास्तीत त्रास, मधे कुठेतरी नेमकी जागा. ती जागा माणसागणिक वेगळी.

---

आडवा_बोळ

मिरचीची उपमा चटकदार आहे, पण फार ताणू नका. मिरचीला कथानक नसतं. पहिला घास आणि विसावा घास यांत माहितीचा फरक नसतो, फक्त सवयीचा असतो. भयपटात सगळा खेळ कुणाला काय माहीत आहे याचा. हिचकॉकचं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण वर्गात घ्याच. प्रेक्षकाला बॉम्ब माहीत नसेल तर स्फोटाच्या वेळी १५ सेकंदांचा धक्का, माहीत असेल तर १५ मिनिटांचा ताण. बॉम्ब तोच, गप्पाही त्याच. रोझिनच्या हिशोबात हा फरक कुठे बसतो ते सांगा.

भूतबंगल्याचंही तेच. तिथे माणूस चालतो, किंचाळतो, मित्राला पुढे ढकलतो. खुर्चीत जखडलेल्या प्रेक्षकाला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत.

---

मोजपट्टी

दुसरा मुद्दा मान्य. पहिल्यावर थोडी हुज्जत घालतो. ताणाचं काय होतं ते मानसशास्त्रज्ञ झिलमनच्या 'उत्तेजनेच्या वहना'त बसतं. शरीराची उत्तेजना सावकाश उतरते. नायिका वाचली हे डोक्याला लगेच कळतं, पण नाडी अजून चढलेलीच असते, आणि ती उरलेली उत्तेजना सुटकेच्या आनंदाला चिकटून तो वाढवते. म्हणजे १५ मिनिटांच्या ताणाला जास्त व्याज. पण भोकही सांगतो: शेवटी कुणीच वाचत नाही असे चित्रपटही लोकांना प्रचंड आवडतात. तिथे सुटकाच नाही, मग व्याज कशावर?

---

शून्यागार

सगळं पश्चिमेकडून आणताय, घरातलंही बघा. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव, म्हणजे तो जागवणारी कारणं, दिलेत. त्यांत सुरुवातीलाच काय आहे? विकृत रव, म्हणजे विचित्र आवाज. मग भुतंखेतं दिसणं, कोल्हा आणि घुबड, ओसाड घर, अरण्य. (माझं सदस्यनाम तिथूनच घेतलंय.) बीभत्सापासून, म्हणजे किळसेच्या रसापासून, भयानक उपजतो असंही ग्रंथकर्ता भरत तिथेच सांगतो. कॅरल धोका आणि किळस यांची जोडी लावतो ना, तिच्याजवळ जाणारं.

आणि रॅडफर्डचं कोडं? नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याने ते हजार वर्षांपूर्वी हाताळलंय. त्याचं उदाहरण शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं, 'ग्रीवाभंगाभिरामं'. बाणाच्या भीतीने मान वळवून मागे बघत पळणारं हरिण. प्रेक्षकाला प्रतीती येते ती भयाची, पण ते भय 'त्या हरिणाचं' राहत नाही, 'माझं'ही होत नाही. स्थळ, काळ, व्यक्ती गळून पडतात आणि निव्वळ भय आस्वादाला उरतं. हे साधारणीकरण. 'मी' घाबरलो असतो तर पळालो असतो, 'दुसरा' घाबरला असता तर उदासीन राहिलो असतो. चार्ल्स खुर्ची का सोडत नाही याचं हे वॉल्टनपेक्षा नेटकं उत्तर आहे, असं माझं ठाम मत.

---

आडवा_बोळ

नेटकं आहे खरं. पण अभिनवगुप्ताचा प्रेक्षक 'सहृदय' आहे. काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झालाय असा. पिटात बसून भुतालाच शिट्टी मारणारा यात कुठे बसवायचा? स्थळकाळ गळून पडायला माणूस आधी गप्प तर बसायला हवा!

---

बाल्कनी_नंबर_तीन

शिट्टीवाल्याचा अभ्यास झालाय. लक्ष्मी श्रीनिवास यांनी बंगळूरच्या थिएटरांत बसून प्रेक्षकांचं निरीक्षण केलं, पुस्तक २०१६ चं. आपल्याकडे चित्रपट बघणं ही सामूहिक आणि बोलकी कृती असते, गप्प बसून बघणारा एकटा प्रेक्षक हे गृहीतच आयात केलेलं आहे, असा तिचा सूर. आपल्या भूतपटांच्या सिद्धांतात ही जागा रिकामी राहते.

संगीता गोपाल यांची २०११ ची मांडणी याला जोडून घ्या. रामसे बंधूंच्या भूतपटांत हवेली, घराण्याचा शाप, एकत्र कुटुंब. २००३ च्या 'भूत'पर्यंत येता येता इमारतीतला फ्लॅट आणि फक्त नवरा-बायको. घर बदललं तसं थिएटरही बदललं. एकपडदा गेला, मल्टिप्लेक्स आलं. भीती बघण्याची जागा आणि भीतीतली जागा दोन्ही एकदम आक्रसल्या.

---

ध्वनिलेखक_नाही

सिद्धांत कुठलाही घ्या, आवाज चुकला तर सगळं मुसळ केरात. 'दचकणं' आणि 'भिणं' या दोन गोष्टी आहेत. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया. प्रयोगशाळेत ती घडवायला साधारण १०० डेसिबलचा, ५० मिलिसेकंदांचा खरखराट एकदम सुरू करतात. महत्त्व 'एकदम'ला आहे. तोच आवाज हळूहळू चढवला तर माणूस दचकत नाही.

बेअर्डने २००० साली पडद्यावरच्या दचक्याचं किमान सामान मोजलं: एक पात्र, चौकटीबाहेर धोका असल्याची सूचना, आणि त्या पात्राच्या अगदी जवळच्या जागेत अचानक घुसखोरी. घुसणारी गोष्ट घातक असलीच पाहिजे असं नाही. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये बाई रात्री एकटी चाललीय, मागून पावलं वाजतात, मग वाजायची थांबतात, आणि फिस्सकन् आवाज करत चौकटीत येते ती बस! धंद्यात अशा फसव्या दचक्याला अजून 'बस'च म्हणतात. तिथे काम बसचं नाही, आधीच्या शांततेचं आहे.

म्हणून व्यवस्था अशी करा. मधल्या रांगेत संवाद साधारण ६५ डेसिबलला लावा, मग दचक्याला ९०-९५ पर्यंत जायला जागा उरते. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आयोजक सगळाच आवाज वाढवतो, शिखरावर स्पीकर फाटतो आणि दचक्याऐवजी फरफर येते. हा नेहमीचा घोळ. प्लेअरमधलं 'नाइट मोड' किंवा आवाज समान ठेवणारं बटण आधी बंद करा. ते हळूला मोठं आणि मोठ्याला हळू करतं, म्हणजे भयपटाचा कणाच काढून घेतं. ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको. आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, चित्र आधी कळतं आणि दचका वाया जातो. तार लावा.

छताचे पंखे निदान त्या प्रसंगांपुरते बंद. पंख्याच्या घरघरीत शांतता म्हणून काही उरतच नाही. प्रोजेक्टरचा स्वतःचा पंखाही आवाज करतो, तो शेवटच्या रांगेच्या मागे ठेवा. फोनवरचं डेसिबल ॲप रांगांची तुलना करायला पुरतं, पण आकडा खरा धरू नका, विशेषतः खर्जाच्या बाबतीत.

आणि भिंती पांढऱ्या असतील तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा फूट काळं कापड. पांढरी भिंत उजेड परत पडद्यावर फेकते, काळोख करडा होतो. करड्या काळोखात भूत लपत नाही, नुसतं उभं असतं.

---

तांबडा_रस्सा

'नुसतं उभं असतं' :) रेशनच्या रांगेत असल्यासारखं.

---

शून्यागार

विकृत रवाला आधुनिक जोड आहे. ब्लमस्टाइन या जीवशास्त्रज्ञाने २०१० मध्ये १०२ चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या. घाबरलेला प्राणी ओरडताना आवाज फाटतो, त्यात खरखर येते, सूर एकदम उडी मारतो. अशा आवाजांचा वापर चित्रपटाच्या जातीनुसार बदलतो आणि भयपटांत किंकाळ्या, खरखर हे सामान सरस असतं, असं दिसलं. म्हणजे भरताची यादी काही अगदीच हवेतली नाही.

---

पदर_खोचून

दोनशे ओळी झाल्या आणि बाईचा विषय निघाला नाही? भयपटाच्या सिद्धांताचा अर्धा इतिहास त्यावर उभा आहे.

चित्रपट-अभ्यासक कॅरल क्लोव्हर, १९८७ चा लेख, १९९२ चं पुस्तक. हिच्यात आणि वर आलेल्या नोएल कॅरलमध्ये गल्लत नको. सुरीवाल्या खुन्यांच्या चित्रपटांत शेवटी एकच मुलगी उरते, ती किंचाळते, पळते, आणि शेवटी हत्यार उचलते. तिला क्लोव्हरने नाव दिलं 'अखेरची मुलगी'. इंटरनेटवर आता कुणीही वाचलेली नायिका म्हणजे अखेरची मुलगी आणि ती म्हणजे स्त्रीवादाचा विजय, असं धरून चालतात. क्लोव्हरने असं म्हटलंच नाही! तिचा प्रश्न होता: प्रेक्षक बहुतांशी तरुण मुलगे, मग ते एका मुलीच्या जागी स्वतःला कसे ठेवतात? तिचं उत्तर असं: गाळण उडणं, रडणं, भेकणं आपल्या संस्कृतीत बायकी ठरवलंय. मुलग्याला ते भोगायचं तर आहे, पण स्वतःच्या नावावर नाही. म्हणून मुलीचं शरीर उसनं घ्यायचं. ती मुलगी म्हणजे वेषांतर केलेला मुलगाच.

आता @शून्यागार यांना घरचा आहेर. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भयाबद्दल काय म्हटलंय? 'स्त्रीनीचप्रकृति'. भय हे बायका आणि हलक्या पात्रांचं. भरत नियम सांगतो, क्लोव्हर तोच नियम पकडून 'हे असं का?' विचारते.

वर्गासाठी करण्यासारखं काम: अशा एखाद्या चित्रपटाची पहिली दहा आणि शेवटची वीस मिनिटं दाखवा. कागदावर दोन रकाने आखा, 'खुन्याच्या डोळ्यांतून' आणि 'तिच्या डोळ्यांतून'. प्रत्येक शॉटला रेघ मारा. सुरुवातीला डावा रकाना भरतो, शेवटी उजवा. क्लोव्हरचं म्हणणं खरं की खोटं ते रेघांवर दिसेल. लोक चुकतात ते इथे: कॅमेरा हलतोय म्हणून तो खुन्याचाच डोळा असं धरतात. पुढच्या शॉटमध्ये बघणारा दिसल्याशिवाय रेघ मारायची नाही.

---

बाल्कनी_नंबर_तीन

+१. त्यात लिंडा विल्यम्सचा १९८४ चा मुद्दा घाला: भयपटात बाई डोळे झाकून घेते, पडद्यावरचीही आणि खुर्चीतलीही, कारण राक्षसात तिला स्वतःचंच रूप दिसतं. धागाकर्ते म्हणतात तशी मान वळवली ती ब्रिजिड चेरीने. १९९९ मध्ये तिने ब्रिटनमधल्या भयपटवेड्या बायकांनाच विचारलं, आणि त्या म्हणाल्या की आम्ही काही डोळेबिळे झाकत नाही, आवडीने बघतो. सिद्धांत सुंदर होता, खुर्चीतून वेगळंच उत्तर आलं.

---

मोजपट्टी

त्याची दुसरी बाजू १९८६ ची. झिलमन आणि सहकाऱ्यांनी मुलामुलींना जोडीने भयपट दाखवला, जोडीदार मुद्दाम शिकवून ठेवलेला. शेजारची मुलगी घाबरत असली की मुलग्यांना चित्रपट जास्त आवडला. मुलींना शेजारचा मुलगा निर्धास्त असला की जास्त आवडला. म्हणजे 'मला किती आवडला' हे उत्तर शेजारी कोण होतं त्यावर हलतं. तुमच्या चाळीस खुर्च्यांत आसनांचा नकाशा का हवा, ते यातून कळेल.

---

उसाचा_फड

सगळी उदाहरणं अमेरिकन. २०१७ चा 'लपाछपी' घ्या की! गरोदर बाई, एकटं घर, चहूबाजूंनी ऊस. कोल्हापूरच्या माणसाला ऊस म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. बारा फुटांवर वाढलेल्या फडात दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही, आणि पाचट वाजलं की वारा आहे, कोल्हा आहे की माणूस ते कळत नाही. हवेली लागत नाही, रात्र लागत नाही, भर दुपारी काम होतं. चौकटीबाहेरचा धोका म्हणता ना, फडात चौकटच दोन हातांची.

त्यात @पदर_खोचून यांना आवडेल असा पेच आहे. बार्बरा क्रीडची १९९३ ची मांडणी म्हणते, भयपटात बाईचं जन्म देणारं शरीर हेच भयाचं मूळ असतं. तिचा आधार विचारवंत ज्युलिया क्रिस्तेवाचा १९८० चा विचार: रक्त, मळ, प्रेत, आतलं-बाहेरचं ही सीमा पुसणारं सगळं आपण दूर लोटतो. 'लपाछपी'त गर्भ भयानक नाही. गर्भात मुलगी आहे म्हणून तिच्यावर टपलेली माणसं भयानक. क्रीडची चौकट इथे उलटी लावावी लागते. 'तुंबाड'ला मात्र ती थेट लागते, देवीच्या गर्भातच उतरायचं असतं.

---

चकवा

आता माझ्या नावाला जागतो. नोएल कॅरलची कसोटी आपल्या भुतांना लावून बघा, पहिल्या रविवारी चांगली रंगेल.

वेताळ: मेलेला, तरी हलतो. कप्पे फुटले, पास. हडळ: बाई, पण पावलं उलटी. पास. मुंजा: मुंज झाली, लग्न व्हायच्या आत गेला. ना धड ब्रह्मचारी, ना गृहस्थ. डग्लसबाईंनी बघितलं असतं तर पिंपळाखाली बसून टिपणं काढली असती. शरीर कसंही असो, इथे सामाजिक कप्पाच फुटलाय.

आणि चकवा? त्याला रूपच नाही. ओळखीची वाट, ओळखीचा बांध, आणि माणूस रात्रभर तिथल्या तिथे फिरतो. किळस नाही, राक्षस नाही, तरी भीती आहे. कॅरल इथे नापास. फ्रॉइडच्या १९१९ च्या निबंधात मात्र चकवा जवळपास शब्दशः आहे: एका परक्या गावात पुनःपुन्हा त्याच गल्लीत येऊन पोचणं. ओळखीचंच अनोळखी होणं.

आणखी एक अडचण. कॅरलच्या व्याख्येत राक्षस म्हणजे आजच्या विज्ञानाच्या मते जो नाही तो. पण मुंजा खरा मानणारा माणूस बाजूच्या खुर्चीत असेल तर? त्याच्यासाठी ती कल्पनेची भीती नाही. एकाच रांगेत दोन वेगळे चित्रपट चालू असतात.

---

संपादक

भूत खरं की खोटं यावर आलेले सहा प्रतिसाद काढलेत. मूळ विषय धरा.

---

आडवा_बोळ

@चकवा, शेवटच्या परिच्छेदाला सलाम. शिट्टीवाल्याचा माझा प्रश्न अजून उधार आहे, त्याला एक उत्तर कॅरलनेच दिलंय. १९९९ च्या लेखात तो म्हणतो, राक्षस आणि विदूषक दोघंही कप्पे मोडतात. फरक फक्त धोक्याचा. धोका काढून घ्या, हसू उरतं. 'झपाटलेला'तला तात्या विंचू बघा. बाहुला बोलतो हे कॅरलच्या हिशोबाने पक्कं भयावह, पण समोर लक्ष्या उभा केला की धोक्याची धार जाते, आणि मधेच कधी परत येते. शिट्टी मारणारा हेच स्वतःच्या हाताने करत असतो. पडद्याने धोका काढला नाही, तर तो काढतो.

---

जुना_पडदा

अवांतर, पण कोल्हापूरकरांना हे माहीत हवं. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री', १९२०. महाराष्ट्र फिल्म कंपनी, इथलीच. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब उतरला की ते दृश्य कापावं लागलं. भयपट नव्हता, पौराणिक मूकपट होता. कथा सगळ्यांना पाठ, कीचक मरणार हे ठाऊक. तरी प्रेक्षकाला ते झेपणार नाही असं ठरवलं गेलं. माहीत असलेली गोष्टही हादरवते याला घरचं उदाहरण हवं असेल तर हे घ्या.

---

मोजपट्टी

आता निरीक्षण कसं करायचं, त्यावर. मूळ प्रश्न राहून जातोय.

खेळाआधी पाच मिनिटं सगळ्यांना नुसतं शांत बसवा आणि एक मिनिट नाडी मोजून लिहून घ्या. ही पायरी गाळली तर पुढचा एकही आकडा कामाचा नाही. घड्याळातल्या मोजणीवर फार भरवसा नको: मनगट हललं की आकडा भरकटतो, आणि दचक्याला तर मनगटच हलतं. शिवाय हसूनही नाडी चढते. म्हणून नाडी एकटी कधीच वाचायची नाही.

प्रत्येकाला छोटं कार्ड. ठरवलेल्या चार जागी पडद्यावर कोपऱ्यात बारीक अंक येईल, तेव्हा दोन आकडे लिहायचे: भीती ० ते १०, मजा ० ते १०. हात उंचावून किंवा तोंडी विचारू नका. मित्रांसमोर 'मी घाबरलो' म्हणणारा पुरुष क्वचितच सापडतो. कार्डावर नाव नाही, फक्त आसन क्रमांक.

@शून्यागार यांच्या नाट्यशास्त्राचा इथे उपयोग आहे. भयानकाचे अनुभाव, म्हणजे भीतीच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा, घ्या: हातपाय थरथरणं, रोमांच, तोंड उतरणं, आवाज बदलणं. त्यात आजचे दोन घाला, डोळ्यांवर हात आणि शेजाऱ्याकडे बघणं. बाजूला बसलेल्या दोन निरीक्षकांनी दहा-दहा आसनांवर खुणा करायच्या. दोघांना दोन-चार आसनं सामाईक द्या. तिथे खुणा जुळल्या नाहीत तर निरीक्षण टाकून द्यायचं.

चाळीस माणसांवरून 'बायका जास्त घाबरतात' असलं काही जाहीर करू नका. वीस-वीसच्या गटांत मोठा फरकही नशिबाने येऊ शकतो.

शेवटचं, आणि हे टाळू नका: आठवड्याने पुन्हा एक प्रश्न. हॅरिसन आणि कॅन्टर यांच्या १९९९ च्या पाहणीत सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांनी लहानपणी किंवा नंतर पडद्यावरच्या कशाने तरी टिकून राहिलेली भीती सांगितली, आणि साधारण चौथ्या हिश्श्यात ती अजून शिल्लक होती. म्हणून अठराखालचे नकोत, काय दाखवणार ते आधी सांगा, आणि दाराजवळच्या चार खुर्च्या मोकळ्या ठेवा. कुणाला उठून जायचं असेल तर पडद्यासमोरून जावं लागू नये.

---

पदर_खोचून

निरीक्षकांत एक तरी बाई ठेवा. पुरुष निरीक्षक टक लावून बघत असेल तर 'डोळ्यांवर हात' हा अनुभाव भलत्याच कारणाने येईल.

---

पन्हाळी_वारा (धागाकर्ता)

भरभरून मिळालं. जवळपास ठरलं ते असं.

पहिल्या रविवारी @अर्धमात्रा यांची दोन कोडी, मग वेताळ ते चकवा ही परीक्षा. चित्रपट नाही, तुकडे. दुसऱ्या रविवारी क्लोव्हरचे रकाने, मग 'लपाछपी' पूर्ण, क्रीड त्याच्यानंतर. आधी सांगितलं तर लोक क्रीडच शोधत बसतील. तिसऱ्या रविवारी कार्डं, नाडी, निरीक्षक. एकच वीस मिनिटांचा तुकडा दोन गटांना, एका गटाला आवाजाची शिखरं जशीच्या तशी, दुसऱ्याला नाइट मोड चालू ठेवून. सिद्धांताची नाही तर निदान @ध्वनिलेखक_नाही यांची परीक्षा होईल.

अँड्र्यू ट्यूडरने ब्रिटनमध्ये दाखवलेले ९९० भयपट चाळून १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि १९९७ मध्ये म्हणाला की 'भयपट का आवडतो' हा प्रश्नच चुकीचा. या लोकांना, या ठिकाणी, या काळात, हाच भयपट का आवडतो, असं विचारा. तिन्ही रविवारी फळ्यावर तेवढंच लिहून ठेवणार.

---

ध्वनिलेखक_नाही

सकाळी की संध्याकाळी? सकाळ असेल तर खिडक्यांना काळा कागद दोन थर. एका थरातून ऊन झिरपतं. आणि दोन गटांना एकाच दिवशी दाखवणार असाल तर पहिला गट दुसऱ्या दाराने बाहेर काढा, जिन्यात गाठ पडली की सगळं फुटतं.

---

तांबडा_रस्सा

मध्यंतराला मिसळ ठेवा. रोझिनचाही प्रयोग होऊन जाईल.

---

मोजपट्टी

मध्यंतराला नको, तिखटाने नाडी चढते आणि कार्डं वाया जातील. खेळ संपल्यावर ठेवा. आणि कट वाढताना कुणी कितीदा मागितला ते आसन क्रमांकापुढे लिहून घ्या.